बेराला जाताना बाळाची झोप राखून ठेवा

नवजात बाळाच्या श्रवण चाचणीत ‘रेफर’ शेरा आला म्हणजे बाळाला ऐकू येत नाही असं ठरलेलं नसतं. कानाच्या नळीत जन्मावेळचा चिकट थर राहिला असला किंवा पडद्यामागे पाणी असलं तरी तो येतो. पण टाळी वाजवल्यावर बाळ दचकलं म्हणून निर्धास्तही होऊ नका. एकाच कानातला किंवा फक्त बारीक, उंच आवाजांचा दोष त्यातून कळत नाही. दोषाचं निदान वयाच्या ३ महिन्यांच्या आत आणि गरज पडल्यास श्रवणयंत्र ६ महिन्यांच्या आत व्हायला हवं, म्हणून बेराची वेळ लगेच घ्या. (बेरा म्हणजे बाळ झोपलेलं असताना आवाज ऐकवून, कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या श्रवणमज्जेचे संकेत इलेक्ट्रोडने टिपणारी तपासणी.) शिवाय तान्हं बाळ दूध पिऊन आपसूक झोपतं. मोठं झालं की झोपेचं औषध द्यायची वेळ येऊ शकते.

सगळी तयारी फिरते ती झोपेभोवती. बाळ हललं, चोखायला लागलं की स्नायूंचे विद्युत संकेत श्रवणमज्जेच्या अगदी क्षीण संकेतांवर चढतात आणि आलेख वाचता येत नाही. त्या दिवशी बाळाला नेहमीपेक्षा लवकर उठवा, मधली झोप टाळा. बहुतेक वेळा घोटाळा होतो तो प्रवासात: गाडीत दहा मिनिटं डुलकी लागली की तपासणीच्या खोलीत बाळ टक्क जागं. शेजारी बसून त्याला जागं ठेवायला दुसरं माणूस हवंच. दूधही तिथेच पाजायचं, तेही इलेक्ट्रोड लावून झाल्यावर. कारण आधी कपाळ आणि कानामागची त्वचा जेलने घासतात, तेव्हा बाळ रडतं. घरून निघताना डोक्याला, चेहऱ्याला तेल, क्रीम, पावडर काही नको, इलेक्ट्रोड चिकटत नाहीत. झोपेचं औषध देणार असतील तर मात्र किती तास उपाशी ठेवायचं ते रुग्णालय सांगेल तेच पाळा.

पिशवीत दुपटं, जादा लंगोट, दूध. हाताशी दोन-तीन तास मोकळे ठेवा. सर्दी झाली असेल तर आधीच फोन करा.

फाइलमध्ये चाचणीचा अहवाल आणि डिस्चार्ज कार्ड ठेवा. अतिदक्षता विभागातले दिवस, जेंटामायसिनसारखी औषधं, काविळीसाठी रक्त बदललं होतं का, गरोदरपणातला संसर्ग, नात्यात लहानपणापासून कमी ऐकणारं कुणी, हे लिहूनच न्या. बाळ अतिदक्षता विभागात ५ दिवसांहून जास्त होतं आणि फक्त ओएई (कानात आवाज सोडून आतल्या कानाचा प्रतिसाद टिपणारी चाचणी) झाली असेल, तर ते आवर्जून सांगा. ओएई कानातल्या शंखापर्यंतच पाहते, श्रवणमज्जेतला दोष तिच्यातून निसटतो.

निघण्यापूर्वी दोन्ही कानांचे निकाल वेगवेगळे विचारा, तेही ५०० ते ४००० हर्ट्झमधल्या कोणत्या आवाजांचे मिळाले ते धरून. हाडामार्गे (कवटीच्या हाडातून आवाज देऊन) तपासणी झाली का? टिम्पॅनोमेट्री (कानाच्या पडद्याची हालचाल पाहणारी चाचणी) १००० हर्ट्झवर केली का? ६ महिन्यांखालच्या बाळात नेहमीच्या २२६ हर्ट्झवर पडद्यामागे पाणी असूनही आलेख ठीक दिसू शकतो. बाळ मध्येच उठून तपासणी अर्धवट राहिली, तर पुढची तारीख हातात घेऊनच बाहेर पडा.