मागे पडलेल्या कन्सोलची दिवाळीसाठी किती मागणी नोंदवावी?

कोल्हापूरच्या राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे दुकान चालवणाऱ्याला दसऱ्याआधी ठरवावे लागते, की वर्षभर रेंगाळलेला व्हिडिओ गेम कन्सोल, नवे प्रतिस्पर्धी बाजारात उतरत असताना, दिवाळीसाठी किती उचलावा. वितरक अशा वेळी किंमत उतरल्याचे आवर्जून सांगतो; परंतु केवळ तेवढ्यावर मागणी नोंदवू नये.

सर्वप्रथम त्या कन्सोलवर दसरा ते पाडवा या काळात कोणते मोठे गेम प्रत्यक्ष विक्रीला येणार आहेत, ते तारखांसह लिहून काढावे. निन्टेंडो कंपनीच्या थ्रीडीएस या हातात धरून खेळायच्या कन्सोलची जपानमधील किंमत ऑगस्ट 2011 मध्ये 25,000 येनवरून 15,000 येनवर आली, पण त्यापाठोपाठ नोव्हेंबरात 'सुपर मारिओ थ्रीडी लँड' आणि डिसेंबरात 'मारिओ कार्ट 7' आले, म्हणून सोनीचा प्रतिस्पर्धी कन्सोल व्हिटा त्याच डिसेंबरात येऊनही थ्रीडीएस सावरला. निन्टेंडोच्याच वी यू या कन्सोलची किंमत सप्टेंबर 2013 मध्ये अमेरिकेत 50 डॉलरने उतरली, 'सुपर मारिओ थ्रीडी वर्ल्ड'ही नोव्हेंबरात आला, तरी आर्थिक वर्षाचा 90 लाख नगांच्या विक्रीचा अंदाज जानेवारीत 28 लाखांवर आणावा लागला. 'मारिओ कार्ट 8' तर हंगाम उलटून गेल्यावर, मे 2014 मध्ये आला. येथे आपल्यासाठी आणखी एक मुद्दा आहे, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. परदेशी कंपन्यांचा हंगाम नाताळाचा असतो. 'सुपर मारिओ थ्रीडी वर्ल्ड' अमेरिकेत 22 नोव्हेंबरला आला, तेव्हा त्या वर्षीचे लक्ष्मीपूजन होऊन जवळजवळ तीन आठवडे झाले होते. म्हणून परदेशातील हंगामाचे भाकीत जसेच्या तसे कोल्हापूरला लावू नये.

त्यानंतर प्रतिस्पर्ध्याकडे पाहावे. नवा कन्सोल पुरेसा मिळणार नाही, तेव्हा गिऱ्हाईक आपसूक जुन्याकडे वळेल, हा तर्क अनेकांना पटतो. सेगा कंपनीच्या ड्रीमकास्ट या कन्सोलच्या बाबतीत तो फसला. सोनीचा नवा कन्सोल प्लेस्टेशन 2 ऑक्टोबर 2000 मध्ये अमेरिकेत आला, तेव्हा त्याचा तुटवडा होता आणि ड्रीमकास्ट 149 डॉलरला मिळत होता. तरीही पुष्कळ लोक थांबले, कारण नव्या यंत्रावर डीव्हीडी आणि पहिल्या प्लेस्टेशनचे गेमही चालत होते. म्हणून नवरात्रात दुकानात येणाऱ्यांना, 'तुम्ही कशासाठी थांबला आहात?' असे विचारून उत्तरे वहीत टिपून ठेवावीत. थांबणारे अधिक असतील, तर मागणी निम्म्यावर आणावी.

माल एकदम न उचलता दसऱ्याला लहान खेप घ्यावी आणि तिचा खप पाहून धनत्रयोदशीआधी दुसरी मागवावी. न खपलेले नग परत घेण्याची बोली वितरकाकडून लेखी घ्यावी. ती मिळत नसेल, तर कितीही मोठी सूट असली तरी दुसरी खेप टाळावी.

मुलांसाठी कन्सोल नेणाऱ्या आईवडिलांना बिल करण्यापूर्वीच, पुढील वर्षी त्यावर कोणते गेम जाहीर झालेले आहेत आणि दुरुस्ती कोठे होईल, हे स्पष्ट सांगावे. सेगाने ड्रीमकास्टचे उत्पादन थांबवण्याची घोषणा 31 जानेवारी 2001 रोजी केली, म्हणजे नाताळात तो घेतलेल्या घरांत यंत्र येऊन जेमतेम पाच आठवडे झाले होते.