आधी टेप, मग ड्रिल: फ्लॅटच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर बसवताना

प्रोजेक्टर घेताना चर्चा होते ती ल्युमेन्स (उजेडाचे माप) आणि फोर-के (चित्राची बारकाई) यांची. बॉक्स घरी आला की मग सगळे छताकडे बघतात आणि तिथे पंखा असतो. आपल्याकडच्या साध्या हॉलमध्ये प्रोजेक्टर कुठे बसेल याचा निकाल बहुतेक वेळा तो पंखाच लावतो. म्हणून दुकानात जाण्याआधी खोली मोजायची.

खोलीची मापे

लागेल ती एक पाच मीटरची टेप, मास्किंग टेप आणि कागद-पेन्सिल. १६:९ प्रमाणाच्या चित्रात कर्णाला ०.८७ने गुणले की रुंदी मिळते आणि ०.४९ने गुणले की उंची. १०० इंची चित्र म्हणजे २.२१ मीटर रुंद आणि साधारण १.२५ मीटर उंच. एवढा चौकोन भिंतीवर मास्किंग टेपने आखा आणि एक दिवस तसाच राहू द्या. १२० इंचांचा हट्ट इथेच मावळतो.

दुसरा आकडा थ्रो रेशोचा. पडद्यापासून लेन्सचे अंतर भागिले चित्राची रुंदी, एवढाच त्याचा अर्थ. माहितीपत्रकात १.३ ते १.५६ लिहिले असेल, तर १०० इंची चित्रासाठी लेन्स पडद्यापासून २.८७ ते ३.४५ मीटर या पट्ट्यातच असली पाहिजे. थोडे पुढे-मागे चालेल असे इथे होत नाही. अंतर बदलले की चित्राचा आकार बदलतो.

१० बाय १५ फुटांचा हॉल घेऊ. पडदा दहा फुटी भिंतीवर, पंखा खोलीच्या मधोमध, म्हणजे पडद्यापासून २.२९ मीटरवर. ४८ इंची पंख्याच्या पात्यांचा घेर पडद्यापासून १.६९ ते २.८९ मीटरपर्यंत पोचतो. प्रोजेक्टर सर्वात जवळ, २.८७ मीटरवर टांगला, तर तो पात्यांच्या टोकाला जवळजवळ चिकटेल. तोच ३.३ मीटरवर नेला की ४० सेंटीमीटर मोकळे मिळतात आणि झूमही अजून मर्यादेत राहतो.

आता उंची. पडद्याचा खालचा काठ जमिनीपासून ७५ सेंटीमीटरवर ठेवला, तर वरचा काठ २ मीटरवर येतो. बहुतेक डीएलपी (सूक्ष्म आरशांच्या चिपचे) प्रोजेक्टर उलटे टांगल्यावर त्यांची लेन्स चित्राच्या वरच्या काठापेक्षाही थोडी वर लागते. याला ऑफसेट म्हणतात. ऑफसेट ११० टक्के असेल तर चित्राच्या उंचीच्या दहा टक्के, म्हणजे १२-१३ सेंटीमीटर वर. लेन्स २.१२ मीटरवर आली. पंख्याची पाती साधारण अडीच मीटरवर असतात, त्यामुळे प्रकाशझोत त्यांच्या खालून सुटतो. हे गणित न करता प्रोजेक्टर स्लॅबला चिकटवला की पात्यांमुळे चित्र लुकलुकते, आणि मग उन्हाळ्यात पंखा की सिनेमा, असा प्रश्न उरतो.

२.९ मीटरच्या स्लॅबपासून एवढे खाली यायचे तर ६५-७० सेंटीमीटरचा दांडा लागतो. बारीक नळीचा दांडा पंख्याच्या वाऱ्याने आणि स्लॅबमधून येणाऱ्या थरथरीने हलतो, आणि लेन्सजवळचा एक मिलिमीटरचा झोल पडद्यावर चांगलाच जाणवतो. जाड नळीचा, चार बोल्टांच्या रुंद प्लेटचा माउंट घ्या. शक्य असेल तर मागच्या भिंतीवर फळी मारून प्रोजेक्टर तिच्यावर ठेवणे जास्त चांगले. मात्र त्यासाठी १.९ किंवा त्याहून जास्त थ्रो रेशो जमणारा, मोठ्या झूमचा प्रोजेक्टर लागतो. तो महाग पडतो, पण अशा मॉडेलमध्ये बहुधा लेन्स शिफ्टही (प्रोजेक्टर न हलवता चित्र सरकवण्याची सोय) मिळते.

ल्युमेन्स आणि पडदा

डिजिटल सिनेमाचे मानक पडद्यावर ४८ निट्स (पृष्ठभागाच्या उजळपणाचे एकक) उजेडाचे आहे. अंधाऱ्या खोलीत १०० इंची मॅट पांढऱ्या पडद्यावर तेवढा उजेड पाडायला सुमारे ४१५ ल्युमेन्स पुरतात. अचूक रंगांच्या मोडमध्ये उजेड बराच घटतो आणि प्रकाशस्रोत वयानुसार मंदावतो. हे धरून १००० ते १५०० एएनएसआय किंवा आयएसओ (ठरलेल्या मानकाने मोजलेल्या) ल्युमेन्सचा प्रोजेक्टर रात्रीच्या सिनेमाला भरपूर झाला. हॉलमध्ये दिवा लावून क्रिकेट बघायचे असेल तर २५०० ते ३००० धरा. खोक्यावर नुसते ‘९००० ल्युमेन्स’ छापलेले असेल आणि पुढे एएनएसआय किंवा आयएसओ नसेल, तर तो आकडा सोडून द्या. दुपारच्या उन्हापुढे मात्र कोणतेच ल्युमेन्स पुरत नाहीत. तिथे जाड ब्लॅकआउट पडदेच हवेत.

गुळगुळीत पुट्टी केलेली, मॅट इमल्शनची पांढरी भिंत सुरुवातीला चालते. चकाकणारा रंग किंवा टेक्श्चर चालत नाही. पडदा घेताना प्रमाण तपासा. बाजारातला ८ बाय ६ फुटांचा पडदा ४:३चा असतो. १६:९साठी ८ बाय ४.५ फूट हवा. ओढून खाली घ्यायचा स्वस्त पडदा पंख्याच्या वाऱ्याने लाटा मारतो, त्यामुळे चौकटीचा ताणलेला पडदा बरा.

वीज

प्रोजेक्टरसाठी वेगळा तीन पिनांचा ६ अँपियरचा पॉइंट इलेक्ट्रिशियनकडून काढून घ्या. छतावर जवळच आहे म्हणून पंख्याच्या पॉइंटमधून वायर ओढणारे असतात. ती लाइन रेग्युलेटरमधून येत असते, आणि कमी-जास्त व्होल्टेजवर प्रोजेक्टरचा पॉवर सप्लाय जळू शकतो. अर्थिंग खरोखर आहे का तेही तपासून घ्या. एचडीएमआयची धातूची टोके हाताला झिणझिण्या देत असतील तर ते नाही असे समजा. घराच्या बोर्डात ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळती होताच लाइन तोडणारा स्विच) असायलाच हवा.

जिथे वीज वरचेवर जाते तिथे लॅम्पच्या प्रोजेक्टरला ६०० व्हीएचा यूपीएस द्या. आधी प्रोजेक्टरचे वॅट बघून घ्या. यूपीएस सिनेमा पुरा करण्यासाठी नसून प्रोजेक्टरचा आतला पंखा नीट थांबेपर्यंत वीज मिळावी म्हणून असतो. लॅम्प तापलेला असताना कूलिंग अचानक बंद पडले की त्याचे आयुष्य कमी होते. वळवाच्या पावसात वीज कडाडू लागली की प्लग काढा आणि डिश किंवा केबलची वायरही सोडवा. स्पाइक गार्ड जवळ पडलेल्या विजेला पुरा पडत नाही.

छताला टांगणे

ड्रिलला हात लावण्याआधी प्रोजेक्टर ठरलेल्या अंतरावर शिडीवर किंवा उंच स्टुलावर ठेवून एक संध्याकाळ चालवा. सोफ्यावर बसून बघा, पंखा लावा, मधून कोणी उठून जाते का पाहा. जागा पटली की खुणा करा.

आरसीसी स्लॅबमध्ये हॅमर ड्रिलने ८ मिलिमीटरचे अँकर बोल्ट साधारण ४५ मिलिमीटर खोल जातात. पंख्याच्या हुकापासून स्विचबोर्डाच्या दिशेने स्लॅबमध्ये वायरिंगची नळी गेलेली असते. त्या रेषेत भोक पाडू नका. वरचा मजला असेल तर ओलीचे डागही टाळा. पीओपी किंवा जिप्समच्या फॉल्स सीलिंगवर भार देऊ नका. दांडा त्यातून वर नेऊन स्लॅबलाच पकडला पाहिजे. प्रोजेक्टरच्या तळाशी बहुतेकदा एम-४ स्क्रू लागतात. लांबी पुस्तिकेत दिलेलीच घ्या, कारण लांब स्क्रू आतल्या बोर्डात घुसतो. शेवटी प्रोजेक्टरला एक स्टीलची सुरक्षा तार बांधून ती वेगळ्या बोल्टला अडकवा. खाली माणसे बसणार आहेत.

एसीच्या खाली किंवा समोर प्रोजेक्टर नको. ठिबकणारे पाणी आणि थंड झोत दोन्ही वाईट. हवेच्या झरोक्यांभोवती ३० सेंटीमीटर मोकळे ठेवा. सुतार हौसेने सुंदर पेटी करून देतो आणि त्या पेटीत प्रोजेक्टर वीस मिनिटांत तापून बंद पडतो.

चित्र सरळ करणे

बहुतेक घरांत चुकते ते इथे. चित्र वाकडे दिसले की रिमोटवरचे कीस्टोन वापरून ते चौकोनी करण्याचा मोह होतो, ऑटो कीस्टोन तर विचारतही नाही. पण कीस्टोन चिपवरचे काही पिक्सेल बंद करून उरलेल्यांत चित्र दाबून बसवते. अक्षरे भुरकट होतात आणि उजेडही वाया जातो. त्यापेक्षा आधी कीस्टोन शून्यावर आणा, ऑटो बंद करा, मग प्रोजेक्टरच हलवा. लेन्स पडद्याच्या उभ्या मध्यरेषेवर आणि प्रोजेक्टर लेव्हलमध्ये असला, पडद्याला काटकोनात बघत असला, की चित्र आपोआप चौकोनी येते. डावी बाजू उजवीपेक्षा उंच दिसते का? मग प्रोजेक्टर डावीकडे वळलेला आहे. तो थोडा उजवीकडे फिरवा. राहिलेली वर-खालीची तफावत लेन्स शिफ्टने काढा. शिफ्ट भिंगच सरकवते, त्यामुळे एकही पिक्सेल खर्च होत नाही.

मेनूत ‘सीलिंग फ्रंट’ निवडल्याशिवाय टांगलेल्या प्रोजेक्टरचे चित्र उलटेच दिसेल. फोकस शेवटी, प्रोजेक्टर अर्धा तास चालल्यावर करा. भिंग तापले की फोकस किंचित सरकतो.

चित्राच्या मोडमध्ये ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’, रंगतापमान ‘वॉर्म’ किंवा ६५०० केल्विन. ‘डायनॅमिक’ फक्त दुकानासाठी. चेहरे हिरवट पडतात. हालचाल गुळगुळीत करणारी सोय सिनेमाला बंद, क्रिकेटला हवी तर चालू.

केबल आणि आवाज

टीव्हीच्या कपाटापासून प्रोजेक्टरपर्यंत वळसे धरून आठ-दहा मीटर केबल लागते. तांब्याच्या साध्या एचडीएमआयवर फोर-के चित्र पाचेक मीटरपुढे भरवशाचे राहत नाही. ठिणग्यांसारखे ठिपके येतात किंवा सिग्नलच तुटतो. ऑप्टिकल एचडीएमआय घ्या आणि टोकांवरचे ‘सोर्स’ व ‘डिस्प्ले’ वाचून लावा. ही केबल एकाच दिशेने चालते आणि उलटी ओढली तर सगळी परत काढावी लागते. ती तीव्र कोनात वाकवू नका आणि विजेच्या वायरच्या नळीतूनही नेऊ नका. भाड्याच्या घरात केसिंग-कॅपिंगची पट्टी पुरे.

सोपा मार्ग म्हणजे स्ट्रीमिंग स्टिक थेट प्रोजेक्टरला लावायची. तिला वीज मात्र तिच्या अडॅप्टरनेच द्या. प्रोजेक्टरचा यूएसबी पोर्ट पुष्कळदा कमी पडतो आणि स्टिक पुन्हा पुन्हा सुरू होते. आवाज एआरसी (आवाज बाहेर पाठवणाऱ्या एचडीएमआय) पोर्टमधून साउंडबारला न्या. ब्लूटूथने ओठ आणि शब्द जुळत नाहीत.

डोळे, मुले, उष्णता

चालू प्रोजेक्टरच्या लेन्समध्ये बघायचे नाही. हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगा, कारण झोतात उभे राहून सावल्या करणे त्यांना आवडते. सावल्या करायच्या तर पाठ लेन्सकडे हवी. टेबलावर ठेवायचे अल्ट्रा शॉर्ट थ्रो मॉडेल जास्त जपावे लागते. त्याच्यावर वाकले की झोत थेट डोळ्यात जातो. चित्र थोडा वेळ लपवायचे असेल तर ‘ब्लँक’ किंवा ‘एव्ही म्यूट’ दाबा. लेन्ससमोर पुस्तक किंवा झाकण धरले तर ते तापून वितळू शकते. दिवसा लेन्सवर थेट ऊन येत असेल तर झाकण लावून ठेवा. भिंगातून उलटे गेलेले ऊन आतल्या पॅनेलवर एकवटते.

बंद करताना रिमोटने बंद करा, आतला पंखा थांबू द्या, मगच भिंतीवरचे बटण. मेनूतला ‘हाय अल्टिट्यूड’ मोड साधारणपणे १५०० मीटरपुढच्या उंचीसाठी असतो. महाबळेश्वरसुद्धा त्याच्या खाली आहे, त्यामुळे कळसूबाईच्या माथ्यावर सिनेमा लावायचा नसेल तर तो बंद ठेवा. नाहीतर पंखा उगाच घोंघावेल.

धूळ आणि पावसाळा

अगरबत्ती, धूप आणि फोडणीचा तेलकट धूर आतल्या भिंगांवर थर धरतो. हॉलला लागून उघडे स्वयंपाकघर असेल तर फिल्टर दर महिन्याला मऊ ब्रशने किंवा व्हॅक्यूम क्लीनरच्या हलक्या ओढीने साफ करा. पुस्तिकेने सांगितले नसेल तर धुऊ नका. डासांचा स्प्रे किंवा दाबलेल्या हवेचा डबा गरम प्रोजेक्टरवर मारू नका. त्यातला वायू पेट घेऊ शकतो. लेन्स फक्त ब्लोअर आणि भिंगाच्या कापडाने पुसा.

मुंबई, कोकण आणि गोव्यात जून ते सप्टेंबर प्रोजेक्टर बंद पडून राहिला तर भिंगावर बुरशी येते. आठवड्यातून एकदा अर्धा-एक तास चालवा, म्हणजे आतली ओल निघून जाते. काढून ठेवायचा असेल तर हवाबंद डब्यात सिलिका जेलसह. आणि झरोक्यांवर नजर असू द्या. उबेला पाली आणि मुंग्या येतात.

काही बिघडले तर

थोड्या वेळाने आपोआप बंद होतो: फिल्टर आणि झरोके बघा. चित्राची एक बाजू धूसर: प्रोजेक्टर पडद्याला समांतर नाही. धूसर गोल डाग, जे फोकस फिरवल्यावर स्पष्ट होतात: आत धूळ गेली आहे, ते सर्व्हिस सेंटरचे काम. डीएलपीवर पांढरे ठिपके वाढत चालले: चिप जाण्याची खूण. आवाज येतो पण ठरावीक अ‍ॅपचे चित्र काळे: साखळीतले एखादे जुने उपकरण एचडीसीपी २.२ (कॉपी रोखणारी सुरक्षा) जाणत नाही.

लॅम्प बदलण्याची वेळ मॉडेलनुसार ३००० ते ५००० तासांनी येते. एलईडी आणि लेझरची २०,००० च्या पुढे. बदलताना प्लग काढून किमान एक तास थांबा, काचेला बोट लावू नका आणि नवा लॅम्प बसवल्यावर मेनूत तासांची नोंद शून्य करा. चालू असताना लॅम्प फुटल्याचा आवाज आला तर प्लग काढा, खिडक्या उघडा आणि सगळ्यांना खोलीबाहेर न्या. आत पारा असतो, म्हणून तिथे व्हॅक्यूम क्लीनर फिरवू नका. जुना लॅम्प ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलन केंद्रात द्या.