संत्रा-पेरूचे टर्नओव्हर, ओव्हनमध्ये किंवा गंजात (पातेल्यात)

विदर्भात वरुड-मोर्शी, काटोलकडे आंबिया बहाराची (हिवाळ्याच्या शेवटी फुलणारी) संत्री निघतात तेव्हा थंडीही पडू लागलेली असते. टर्नओव्हर, म्हणजे सारण भरून दुमडलेली पापुद्र्यांची पेस्ट्री, करायला तीच वेळ उत्तम, कारण पापुद्रे सुटणं बटर घट्ट राहण्यावर अवलंबून आहे. मृग बहाराच्या (पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलणाऱ्या) संत्र्यांचे करताना ऊन तापायला लागलेलं असतं. तेव्हा पारी पहाटेच लाटून घ्या.

बारा नगांसाठी मैदा २०० ग्रॅम, गार बटर १२० ग्रॅम, बर्फाचं पाणी साधारण ८० मिली, लिंबाचा रस एक चमचा. बटर खारं असेल तर मीठ नको. बटरचे बोराएवढे तुकडे मैद्यात नुसते घोळवा. करंजीच्या मोहनासारखं चोळलं की पारी खुसखुशीत होते, पण थर राहत नाहीत. पाणी शिंपडत गोळा जेमतेम जमवा, मळू नका. लांबट लाटा, तिहेरी घडी घाला, आडवी फिरवून पुन्हा लाटा. अशा चार घड्या. दर दोन घड्यांनंतर अर्धा तास फ्रीजमध्ये. बटर पोळपाटाला चिकटू लागलं तर मैदा भुरभुरत बसू नका, गोळा सरळ थंडीत ठेवा. तूप इथे कामाचं नाही. बटरमध्ये थोडं पाणी असतं, त्याची वाफ होऊन थर उचलले जातात. तुपात ते पाणीच नसतं.

सारणात खरी अडचण कडवटपणाची. संत्र्याच्या बिया आणि पांढऱ्या सालीचा कडूपणा उष्णतेनं वाढतो. म्हणून चार संत्र्यांच्या फोडी पूर्ण सोलून फक्त गर घ्या, चाळणीत निथळवा. दोन पिकल्या पेरूंचा बिनबियांचा गर ६० ग्रॅम साखरेसोबत कढई सोडेपर्यंत आटवा. मग संत्र्याचा गर आणि निथळलेल्या दोन चमचे रसात कालवलेलं मोठा चमचाभर कॉर्नफ्लोअर घालून दोनच मिनिटं शिजवा. सारण पूर्ण गार हवं. कोमट भरलं तर बटर वितळतं आणि तळ गिच्च राहतो.

पारी ३० बाय ४० सेंमी लाटून १० सेंमीचे चौकोन कापा. एकेकात मोठा चमचाभरच सारण; जास्तीचं हमखास फुटून बाहेर येतं. कडेला आतून पाणी लावा, त्रिकोणी दुमडा, काट्यानं दाबा. करंजीला भोक पाडत नाहीत, इथे मात्र वर दोन चिरा पाडायच्याच, वाफेला वाट हवी. वरून दूध लावा, पण कापलेल्या कडांवर नको. थर चिकटून बसतात. भाजण्याआधी वीस मिनिटं पुन्हा गार करा.

तापलेल्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर १५ मिनिटं, मग १८० वर दहा-बारा. लाइटचा भरवसा नसेल तर जाड बुडाच्या गंजात बोटभर मीठ, त्यावर स्टँड. झाकून १५ मिनिटं तापवा, मग ताटलीत टर्नओव्हर ठेवून मध्यम आचेवर ३५ ते ४० मिनिटं भाजा. यात वरची बाजू फिकी राहते, म्हणून शेवटी हलक्या हातानं उलटून पाच-सात मिनिटं द्या. जाळीवरच गार करा. गरम डब्यात भरले की मऊ पडतात.