घरच्या राउटरवर डीएचसीपी लावताना या चुका टाळा

सोलापुरात साखर पेठ, अशोक चौक या भागांत खाली यंत्रमाग आणि वर राहते घर अशी घरे अजूनही दिसतात. इंटरनेटची केबल खालच्या राउटरला येते, वरच्या मजल्यावर रेंज पुरत नाही, म्हणून नवी पेठेतून दुसरा राउटर आणून तो पहिल्याला जोडला जातो. आयपी पत्त्यांचा (नेटवर्कवरील प्रत्येक उपकरणाच्या ओळख क्रमांकांचा) बहुतेक घोळ इथूनच सुरू होतो. हे पत्ते आपोआप वाटणारी राउटरमधली सोय म्हणजे डीएचसीपी.

नव्याने जोडलेले उपकरण पत्ता मागताना नेटवर्कवरील सर्वांना हाक देते आणि सहसा जो आधी उत्तर देईल त्याचा पत्ता घेते. दुसऱ्या राउटरची केबल लॅन पोर्टमध्ये (घरातली उपकरणे जोडण्याच्या खाचेत) लावली असून दोन्ही राउटरवर डीएचसीपी चालू असेल, तर एका फोनला खालचा राउटर पत्ता देतो, दुसऱ्याला वरचा; आणि वरचा राउटर स्वतःलाच गेटवे (इंटरनेटकडे जाण्याची वाट) म्हणून सांगत असल्याने त्या फोनवर वायफाय दिसते, इंटरनेट मात्र चालत नाही. विंडोज संगणकावर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा ‘ऑल’ या पर्यायासह दिल्यास ‘डीएचसीपी सर्व्हर’ या ओळीत पत्ता देणारा कोण ते दिसते.

यासाठी दुसरा राउटर जोडण्यापूर्वीच तो एकट्या संगणकाला लावून त्याचा पत्ता बदलावा (पहिला १९२.१६८.१.१ असेल तर दुसऱ्याला १९२.१६८.१.२), मग त्यातील डीएचसीपी बंद करावे आणि केबल वॅन पोर्टऐवजी (बाहेरून येणाऱ्या इंटरनेटच्या खाचेऐवजी) लॅन पोर्टमध्ये लावावी. हा क्रम मोडून दोघांचाही पत्ता एकच राहिला, तर सेटिंगचे पान नक्की कोणत्या राउटरचे उघडले हेच कळत नाही.

दुसरी चूक कॅमेऱ्याच्या डीव्हीआरची (चित्रण साठवणाऱ्या यंत्राची). तो बसवणारा त्याला १९२.१६८.१.१०० असा कायमचा पत्ता देऊन जातो, आणि अनेक राउटरची वाटपाची यादी नेमकी १०० पासूनच सुरू होते. डीव्हीआर बंद असताना गड्ड्याच्या यात्रेला आलेल्या पाहुण्याच्या फोनला तोच पत्ता मिळाला, की डीव्हीआर पुन्हा सुरू होताच दोघांची टक्कर होते. वाटप ५० ते १९९ असे ठेवून कायमचे पत्ते ५० च्या खाली द्यावेत. किंवा त्याहून बरे म्हणजे, राउटरमध्येच मॅक पत्त्यावरून (उपकरणाच्या नेटवर्क जोडणीचा मूळ क्रमांक) आरक्षण करावे, म्हणजे त्या उपकरणाला नेहमी तोच आयपी पत्ता मिळतो. मात्र अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वायफायवर बनावट मॅक पत्ता वापरू शकतात, त्यामुळे फोनचा मूळ मॅक पत्ता नोंदवल्यास आरक्षण लागू होत नाही.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर विनंतीला कोणीच उत्तर दिलेले नाही. अशा वेळी केबल तपासावी आणि दोन्ही राउटरवर डीएचसीपी बंद तर झाले नाही ना, हे पाहावे. यादीत दहाच पत्ते ठेवले असतील, तरी अकराव्या उपकरणाची हीच गत होते.

बदल केल्यावर लगेच फरक दिसत नाही, कारण जुना पत्ता मुदत संपेपर्यंत, अनेक राउटरवर २४ तास, उपकरणाकडेच राहतो. प्रत्येक फोनचे वायफाय एकदा बंद करून पुन्हा चालू करावे.