दिव्यांग प्रमाणपत्र काढायचंय? मग कोणत्या डॉक्टरकडून काय घ्यायचं ते आधी बघा

गावातल्या नाहीतर तालुक्याच्या डॉक्टरनं लेटरहेडवर "७० टक्के अपंगत्व" लिहून दिलं की लोकं तो कागद घेऊन थेट तहसीलला संजय गांधी निराधार योजनेच्या टेबलावर जातात, अन् तिथून वापस येतात. बरोबरच आहे, खासगी डॉक्टरला टक्के द्यायचा अधिकारच नाही. टक्के देणार सरकारनं नेमलेल्या दवाखान्यातले डॉक्टर, म्हणजे जिल्ह्याचं सिव्हिल, संभाजीनगरला घाटी, अंबाजोगाईला स्वाराती असे.

पण म्हणून आपला रोजचा डॉक्टर बिनकामाचा झाला असं नाही. त्या दवाखान्यातल्या बोर्डातला, म्हणजे टक्के ठरवणारा डॉक्टर तुम्हाला पाच-दहा मिनिटं बघणार, रोजचा डॉक्टर तुम्हाला वर्षानुवर्षं बघायलाय. त्यानं जे लिहिलंय तेच तिथं तुमच्या बाजूनं बोलतं.

आधी फॉर्म. केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्र अन् ओळखपत्राचा अर्ज भरायचा, मोबाईलवरून जमतो, नाही जमलं तर सीएससी सेंटरला. आधार, फोटो, सही किंवा अंगठा लागतो अन् तिथंच दवाखाना निवडायचा. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात थॅलेसेमिया, सिकलसेल, पार्किन्सन, मानसिक आजार पण येतात, त्यामुळं "आपलं कुठं बसतंय" म्हणून घरी बसू नका.

आता रोजच्या डॉक्टरकडं जा अन् टक्के मागू नका, कागद मागा. आजाराचं नाव, कधीपासून, काय इलाज झाला, अन् आता काय जमत नाही. हे शेवटचं कुणीच लिहून घेत नाही. लकवा झालेल्या माणसाच्या डिस्चार्ज कार्डावर नुसतं "उजवी बाजू कमजोर, फिजिओ सुरू ठेवा" एवढंच असतं. त्याच्याऐवजी "उजव्या हाताची ताकद ५ पैकी २, शर्टाची बटनं लावता येत नाहीत, आधाराशिवाय जिना चढता येत नाही" असं लिहिलं असलं की बोर्डाच्या डॉक्टरला कुठं बघायचं ते कळतं. सांगितलं तर बहुतेक डॉक्टर लिहून देतात, ते नाही म्हणत नसतात, आपणच विचारत नसतो. कानाचं असेल तर ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी), मतिमंद लेकरू असेल तर आयक्यूचे रिपोर्ट, जुने एमआरआय, सगळं एका फाईलीत तारखेनुसार लावा. ओरिजिनल अन् झेरॉक्स दोन्ही.

सिव्हिलला जायच्या आधी विचारून घ्या, कारण हाडांचा, डोळ्यांचा, कानाचा वार बहुतेक ठिकाणी वेगळा असतो, नाहीतर परभणीहून आलेला माणूस चुकीच्या वारी रांगेत उभा राहतो.

तपासणीत आपली म्हातारी माणसं एक घोळ हमखास घालतात. डॉक्टर म्हणतो "आप्पा, हात वर करा," अन् आप्पा दात-ओठ खाऊन, खांदा वाकडा करून हात वर नेतात अन् वर म्हणतात, "जमतंय की सायेब!" मान राखायची सवय असते हो, चारचौघांत जमत नाही म्हणायची लाज वाटते. त्यांना घरूनच सांगून न्या, की जेवढं सहज होतं तेवढंच करायचं, अन् सोबत रोज सांभाळणारं माणूस असू द्या, ते नीट सांगेल. उलट्या बाजूनं नाटकं पण नको, कानाचं सोंग बेरा टेस्टमध्ये (मशीनवर होणारी ऐकण्याची तपासणी) उघडं पडतं, अन् आता बोगस प्रमाणपत्रांची तपासणी पण चालू आहे. बाहेर "टक्के वाढवून देतो" म्हणणारे दलाल फिरायलेत त्यांना एक रुपया देऊ नका, पैसेही जातात अन् केसही मागं लागते.

टक्के डॉक्टरच्या मर्जीवर नसतात, केंद्र सरकारच्या तक्त्यावर असतात. एक डोळा पूर्ण गेला अन् दुसरा चांगला असला तर ३० टक्केच मिळतात, अन् बहुतेक योजना ४० पासून सुरू होतात. म्हणून डॉक्टरशी भांडून उपयोग नाही. दोन व्याधी असल्या तरी सरळ बेरीज होत नाही, ४० अन् २० मिळून ६० नाही, ५१ च्या आसपास येतात. यूडीआयडीचं कार्ड ४० च्या खाली पांढरं, ४० पासून ८० च्या आत पिवळं, ८० अन् वर निळं. एसटीत सोबत्याला पण सवलत पाहिजे असेल तर ६५ लागतात.

अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा, ते द्यायलाच लागतं, अन् अपील करता येतं. अपिलाला जाताना मात्र तीच फाईल नका नेऊ, रोजच्या डॉक्टरकडून नवा, जास्त तपशिलाचा कागद घेऊन जा. अन् प्रमाणपत्रावर "तात्पुरतं" लिहिलं असेल तर त्याची मुदत बघा अन् संपायच्या आधीच पुन्हा तपासणीला जा, नाहीतर योजनेचा महिन्याचा पगार मधीच बंद पडतो.