शेडमधलं वायफाय तपासा, तेही मशिनं चालू असतानाच

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये बारकोड स्कॅनर दुपारच्या शिफ्टला हमखास अडकायचा. रविवारी, सगळं बंद असताना, सिग्नल मात्र फुल्ल!

१. काम जोरात असताना, रॅक मालाने भरलेले असताना अँड्रॉइड मोबाईलवर वायफाय अ‍ॅनालायझर अ‍ॅप लावून फिरा. मोबाईल स्कॅनरच्याच उंचीवर धरा. सिग्नलची ताकद अ‍ॅप डीबीएममध्ये दाखवतं; ती उणे ७० डीबीएमच्या खाली (उणे ७५, उणे ८०, म्हणजे आणखी कमजोर) गेली की जमिनीवर खडूने फुली मारा.

२. राउटर लोखंडी पॅनेलमध्ये असेल तर बाहेर काढा. आमचा तिथेच कोंडला होता. बाहेर भिंतीवर लावला आणि निम्म्या फुल्या पुसल्या गेल्या.

३. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर राउटरला चॅनेल १, ६ किंवा ११ यांतला, अ‍ॅपमध्ये मोकळा दिसेल तो द्या.

राउटर लावताना ओव्हरहेड क्रेनखाली शिडी लावायची असेल, तर त्याआधी क्रेनचा मेन स्विच बंद करून कुलूप घालाच, किल्ली स्वतःच्या खिशात.