पुणे ते पाचगणी सायकलने: पहिल्या शंभर किलोमीटरआधी या चुका टाळा

स्वारगेटहून पाचगणी साधारण १०० किलोमीटर. आधी कात्रजचा चढ, मग खंबाटकी आणि वाई सोडल्यावर, पाय भरून आलेले असताना, पसरणीचा घाट. सकाळी केलेली प्रत्येक चूक या शेवटच्या घाटात वसूल होते.

सगळ्यात महागात पडते ती खाण्यातली चूक. पहाटे पाचला निघतो, हवा गार असते, भूक नसते, म्हणून पन्नासेक किलोमीटरवरच्या शिरवळपर्यंत काही न खाता जातो आणि तिथे मिसळीवर ताव मारतो. जोरात सायकल चालवताना स्नायूंतला साखरेचा साठा दीड-दोन तासांत संपत येतो. भूक जाणवेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो, आणि तर्रीने जड झालेलं पोट घेऊन खंबाटकी चढणं हाल आहेत. पहिल्या अर्ध्या तासापासूनच थोडं थोडं खा: अर्धं केळं, राजगिऱ्याचा लाडू, दोन खजूर. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. शिरवळला पोहे किंवा इडली घ्या. घाम खूप येत असेल तर नुसतं पाणी पुरत नाही. ओआरएसचं पाकीट मात्र त्यावर लिहिलेल्या मापानेच कालवा, बाटली लहान आहे म्हणून दाट करू नका.

सीटची उंची निघायच्या आदल्या रात्री बदलू नका, निदान दोन आठवडे आधी ठरवा. भिंतीला टेकून बसा, टाच पॅडलवर ठेवा. पॅडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. गुडघा पुढून दुखतोय? बहुतेक सीट खाली आहे. मागून दुखतोय तर वर. एका वेळी तीन-चार मिलिमीटरच हलवा. हाताला मुंग्या येत असतील तर सीटचं नाक खाली झुकलंय का बघा. पॅडेड शॉर्ट्सच्या आत अंतर्वस्त्र घालू नका, त्याची शिवण साठाव्या किलोमीटरला कातडी सोलते.

आता पंक्चर. हायवेच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरच्या तारा पडलेल्या असतात. खंबाटकीआधीच्या खंडाळ्याजवळ (लोणावळ्याचं नव्हे) मी घाईने ट्यूब बदलली आणि दहा मिनिटांत नवीचीही हवा गेली. केसाएवढी तार टायरमध्येच रुतलेली होती. तेव्हापासून क्रम ठरलेला आहे: जुन्या ट्यूबमध्ये हवा भरून भोक शोधायचं, व्हॉल्व्हची जागा जुळवून ते टायरवर नेमकं कुठे येतं ते पाहायचं, मग टायरच्या आतून फडकं फिरवायचं. तार असेल तिथे फडकं अडकतं. भोक रिमच्या बाजूला असेल तर रिम टेप, म्हणजे स्पोकची टोकं झाकणारी आतली पट्टी, सरकलेली असते. शेजारी शेजारी दोन भोकं म्हणजे हवा कमी असताना खड्ड्यात आपटलेली. घरी हे सगळं दोनदा तरी स्वतः करून पाहा.

सराव म्हणाल तर रविवारची राइड ४०, ५५, ७० अशी वाढवत न्या. ८० आरामात झाले की शंभर होतात. शेवटचा आठवडा हलका ठेवा.

घाटात गिअर चढ लागण्याआधी हलका करा. जोर लावून पॅडल मारताना बदललात तर चेन उतरते. परतताना पसरणी उतरायची असेल तर ब्रेक सतत दाबून धरू नका, रिम तापते. वळणाआधी, सायकल सरळ असतानाच, दोन्ही ब्रेकने वेग कमी करा आणि वळणात सोडून द्या.